स्मिथ नदीच्या नोंदी : ५९ मैल, चार रात्री, दोन राफ्ट

२८ डिसेंबर

ठरलं. मोंटॅनातली स्मिथ नदी. कॅम्प बेकरला राफ्ट पाण्यात घालायची, ईडन ब्रिजला काढायची. मधलं अंतर ५९ मैल, म्हणजे जवळजवळ ९५ किलोमीटर. लिटल बेल्ट आणि बिग बेल्ट या दोन डोंगररांगांमधून नदी चुनखडीची घळ कापत जाते. या दोन टोकांच्या मध्ये लोकांसाठी खुला असा रस्ता नदीला कुठेच मिळत नाही. ‘जाऊ, बघू, नाही जमलं तर फिरू मागे’ हा आपला नेहमीचा बेत इथे चालायचा नाही. म्हणून या नोंदी ठेवायला घेतल्या.

माणसं सहा. मी, नवरा, पोर्टलंडहून दादा-वहिनी, आणि माझ्या ऑफिसातला हेलेना शहरातला मित्र व त्याची बायको. मित्राचं आडनाव आमच्यात केव्हाच ‘हेलेनाकर’ झालंय आणि आता तोही त्या नावाला ओ देतो. तो लहानपणापासून वल्ही मारत आलाय आणि एक राफ्ट त्याच्या घरचीच आहे. दुसरी भाड्याने घ्यायची. फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-दोऱ्याचा नकली किडा (फ्लाय) टाकून मासे पकडणं, नीट येणारे दोघंच, दादा आणि हेलेनाकर. मी शिकाऊ. नवऱ्याने आत्ताच जाहीर केलंय की तो पुस्तक घेऊन बसणार. वहिनी मालवणची. मासे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतात, पण बाजारातले आणि ताटातले.

५ जानेवारी

परवान्याची लॉटरी सुरू झाली. मोंटॅनात तरंगत जायला लॉटरी लागते अशी ही एकच नदी. दिवसाला फक्त नऊ गट सोडतात, गटात जास्तीत जास्त पंधरा माणसं आणि मुक्काम फार तर चार रात्री. अर्ज दहा हजारांच्या वर येतात. परवाना ज्याच्या नावावर निघेल त्याने स्वतः सोबत जायलाच हवं, दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून अर्ज सगळ्यांनी भरायचे, कुणाचा तरी लागेल.

खरा वाद तारखेवरून. दादाला जूनचा पहिला आठवडा हवा, कारण सॅमनफ्लाय. हा स्टोनफ्लायच्या जातीतला बोटभर लांबीचा, नारिंगी पोटाचा किडा. तीन-चार वर्षं नदीच्या तळाशी दगडांखाली काढतो आणि पाणी थोडं तापलं की काठावर चढून पंख फोडतो. ते मोजके दिवस मोठमोठे ब्राउन ट्राउट अंगातला सगळा शहाणपणा सोडून पृष्ठभागावर येतात म्हणे. अडचण अशी की किडा वर येतो तेव्हाच डोंगरावरचं बर्फही खाली येत असतं. नदी फुगलेली, पाणी चहाच्या रंगाचं. आणि त्याच तारखांवर सगळ्या अमेरिकेचा डोळा, म्हणजे लॉटरीत नंबर लागणं सगळ्यात कठीण.

एप्रिल-मे घ्यावं तर तंबूवर बर्फ पडू शकतं. जुलै घ्यावं तर पाणी शेतीकडे वळवलेलं असतं आणि राफ्ट दगडांवर घासते. शिवाय पाणी ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे २३ सेल्सियसच्या आसपास, सलग तीन दिवस पोचलं की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद करतात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला ट्राउट सोडून दिला तरी जगत नाही. नियम योग्यच आहे, पण आपण तिथे दुपारी बसून करायचं काय?

माझं मत : जूनचा तिसरा आठवडा. सॅमनफ्लाय हुकला तर हुकला. पाणी उतरणीला लागलेलं आणि निवळलेलं असतं, गोल्डन स्टोन आणि कॅडिस हे किडे मिळतात. दादा म्हणाला, “तू नदी बघायला चाललीयस, मी मासे पकडायला.” पहिली पसंती माझी, दुसरी त्याची, असा तह झाला.

१९ जानेवारी

सगळ्यांचे अर्ज गेले. वहिनीचा मी बसून भरला. ती म्हणत होती, “अगं, मला ना पोहता येत धड, ना तुमची ती काठी फिरवता येत. माझं नाव कशाला?” म्हटलं, संख्या वाढते.

आज या नदीचे आकडे वाचत होते. इथे प्रवाह क्युसेकमध्येच मोजतात, त्यामुळे सांगलीच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाची फुटं ऐकतच आम्ही वाढलो. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. तिथे काळजी पाणी वाढण्याची. इथे उलटं, कमी पडण्याची. राफ्टसाठी किमान २५० क्युसेक लागतात, कनू किंवा कयाकला १५० पुरतात. २५० क्युसेक म्हणजे सेकंदाला सात हजार लिटर. कोयनेच्या हिशेबात हे दरवाजे बंद असतानाचं पाणी झालं. एवढ्यावर दोन राफ्ट, सहा माणसं आणि पाच दिवसांचा शिधा वाहून न्यायचा.

१० फेब्रुवारी

घरामागच्या गवतावर कास्टिंगचा सराव. हुकाऐवजी टिपेटच्या, म्हणजे दोरीच्या शेवटच्या बारीक धाग्याच्या, टोकाला लोकरीचा तुकडा बांधला.

कृष्णेच्या घाटावर पोरं कणकेची गोळी लावून गळ टाकायची. तिथे शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. इथे फ्लायला वजनच नाही, पिसं आणि दोरा. वजन असतं ते जाड दोरीला, म्हणून फेकायची ती दोरी, फ्लाय तिच्या मागोमाग जाते. रॉड मागे नेऊन थांबायचं, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मग पुढे. हे थांबणं मला जमत नाही. घाई केली की दोरी चाबकासारखी कडाडते आणि खऱ्या फ्लायच्या बाबतीत अशा वेळी टोकाची फ्लायच तुटून जाते. रॉड नऊ फुटी, पाच वजनाची (हा आकडा ती पेलते त्या दोरीचा). मोठ्या स्ट्रीमरसाठी, म्हणजे छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या फ्लायसाठी, दादा सहा वजनाची आणणार आहे.

३ मार्च

लॉटरीचा निकाल. माझा नाही, नवऱ्याचा नाही, दादाचा नाही, हेलेनाकरांकडेही नाही. वहिनीचा लागला! १७ जून.

दादा फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही. परवाना वहिनीच्या नावावर, म्हणजे सहलीची प्रमुखही तीच. नोंदणी ती करणार, नियम मोडले तर जाब तिला विचारणार. तासाभरात तिने ग्रुपवर पहिला हुकूम काढला : लाइफ जॅकेट सगळ्यांनी, सगळा वेळ, पाण्यावर असेपर्यंत. नवऱ्यालाही, पुस्तकासकट.

२ एप्रिल

बर्फाचा हिशेब. डोंगरांत ठिकठिकाणी स्वयंचलित केंद्रं आहेत. जमिनीवर द्रवाने भरलेली मोठी गादी असते, वर साठलेल्या बर्फाचं वजन तिच्यावर पडतं आणि त्यावरून ते बर्फ वितळलं तर किती इंच पाणी होईल ते कळतं. बर्फाची उंची फसवी असते. भुसभुशीत तीन फूट आणि घट्ट तीन फूट यांत पाण्याचा फरक बराच, म्हणून इंच पाण्यातच बोलायचं.

यंदा लिटल बेल्टमध्ये सरासरीपेक्षा कमी आहे. हेलेनाकर म्हणतो, एप्रिलच्या आकड्यावर रडू नका, मेचा पाऊस सगळं फिरवतो. तरी पर्यायी बेत लिहून ठेवला : जूनच्या पहिल्या आठवड्यात अंदाज २५०च्या खाली दिसला तर राफ्ट रद्द, कनू भाड्याने. कनूतून मासेमारी मला आणि दादालाही झेपणारी नाही. तसं झालं तर पाच दिवस नुसतंच तरंगणं.

१४ एप्रिल

जेवणाची बैठक, व्हिडिओवर. मासेमारीपेक्षा जास्त वेळ हिनेच खाल्ला आणि योग्यच होतं ते.

या खोऱ्यात काळी अस्वलं आहेत. अन्न, कचरा, टूथपेस्ट, वास येणारं काहीही अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत ठेवणं बंधनकारक आहे. कुत्र्यांना बंदी. वहिनीने शांतपणे विचारलं, “सुके बोंबील चालतील?” हेलेनाकरला बोंबील म्हणजे काय ते सांगावं लागलं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून वहिनीनेच स्वतःच्या अधिकारात बोंबील फेटाळले.

ठरलेलं असं. पहिले दोन दिवस ताजं : दशम्या, फ्लॉवर-बटाटा, अंडी, एक दिवस चिकन सुकं, घरून शिजवून गोठवलेलं. तिसऱ्या दिवसापासून कोरडा शिधा : मुगाची खिचडी, पिठलं-भात, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. मधल्या खाण्याला सांगलीचं भडंग, आई मे महिन्यात येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर पाठवणार आहे. कूलर दोन. पहिल्या दोन दिवसांचा वेगळा आणि तोच वारंवार उघडायचा. दुसरा तिसऱ्या दिवसापर्यंत बंद. बर्फाचे चुरे नकोत, पाण्याच्या बाटल्या गोठवून घ्यायच्या. त्या सावकाश वितळतात आणि वितळल्या की पिता येतात.

पकडलेला मासा खायचा की नाही यावरही चर्चा झाली. आम्ही सगळे सोडून देणार. वहिनी म्हणाली, “पकडायचा, फोटो काढायचा, सॉरी म्हणून सोडायचा. त्या माशाला विचारलंत का कुणी?” यावर दादाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

४ मे

याकिमा नदीवर सराव. सिअ‍ॅटलहून जवळ, आणि तिच्या घळीतून राफ्टमधून मासेमारी करता येते. दादासाठी हे अत्यंत गरजेचं होतं. तो शिकलाय ऑरेगनच्या डेशूट्सवर, आणि डेशूट्सच्या खालच्या भागात तरंगत्या होडीतून मासे पकडायला मनाई आहे. होडीने जायचं, काठाला लावायची, उतरायचं आणि पाण्यात उभं राहून गळ टाकायचा. एवढी वर्षं ट्राउट पकडूनही चालत्या राफ्टच्या नाकावर तो आज पहिल्यांदाच उभा राहिला.

राफ्टमधून सगळंच बदलतं. पाण्यात उभं असताना मधली धार जोरात आणि काठची संथ, त्यामुळे दोरीला बाक येतो आणि फ्लाय ओढली जाते. माशाला ते लगेच कळतं. म्हणून सारखी दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची, ज्याला मेंडिंग म्हणतात. राफ्ट मात्र स्वतःच प्रवाहाबरोबर चाललेली असते. थोडं पुढे, खालच्या अंगाला तिरपं टाकलं की फ्लाय, दोरी आणि आपण एकाच वेगाने वाहत राहतो. काठावरून दहा फूट मिळणारा स्वच्छ प्रवास इथे शंभर फूट मिळतो. दादाने हे दुपारपर्यंत पकडलं, आणि मग मधे बोलायचंच थांबला.

याला तितकाच जबाबदार वल्हवणारा. काठापासून चाळीसेक फुटांवर राफ्ट धरायची, प्रवाहापेक्षा किंचित हळू. म्हणजे सतत उलटं वल्हवायचं. हेलेनाकरने याच कामासाठी शनिवार खर्च करून आम्हाला शिकवलं. त्याचा एकच मंत्र : जिकडे खडक, तिकडे नाक करा आणि मागे ओढा. मनाला हे पटत नाही. खडक दिसला की हात पुढे रेटायला धावतात, तोंड फिरवून पळावंसं वाटतं. पण मागे ओढताना जोर पूर्ण लागतो आणि खडक डोळ्यांसमोर राहतो. स्मिथवर मोठे रॅपिड नाहीत, मात्र वळणावर पाणी थेट कड्याच्या पायथ्याला जाऊन आपटतं. आळसावलो की राफ्ट भिंतीवर. नवरा अनपेक्षितपणे वल्हवण्यात सगळ्यांत चांगला निघाला. पुस्तक बॅगेतच राहिलं.

१८ मे

मेचा पाऊस आला, चांगला आला. आलेख वर चढतोय. हेलेनाकरने फक्त एक अंगठा पाठवला.

आज कागदपत्रं. बाहेरच्या राज्यातल्यांना मासेमारीचा परवाना, त्याच्याबरोबर कॉन्झर्व्हेशन लायसन्स आणि परक्या जलचरांच्या प्रतिबंधाचा पास, तिन्ही लागतात. मोंटॅनात शिरताना होडी असेल तर तपासणी नाक्यावर थांबायचंच. याकिमाची राफ्ट भाड्याची होती ती परत गेली, पण आमचे वेडर (पाण्यात उभं राहायचे जलरोधक पायजमे), बूट आणि जाळं याकिमात भिजलेत. घासले, धुतले, उन्हात वाळत टाकले. एका नदीतला चिखल दुसऱ्या नदीत न्यायचा नाही.

२९ मे

शौचाचा विषय टाळून चालणार नाही. २०२३पासून स्मिथवर स्वतःची घाण स्वतः बाहेर न्यावी लागते. सहा माणसं, पाच दिवस. झाकण घट्ट बसणारा डबा, कोरडं करणारी पावडर घातलेल्या पिशव्या आणि डबा राफ्टवर बांधायला स्वतंत्र जागा, स्वयंपाकाच्या सामानापासून शक्य तितकी लांब. दादाने विचारलं की डबा कुठल्या राफ्टवर. वहिनी म्हणाली, “ज्या राफ्टवर तू असशील, तिच्यावर.”

जाता जाता इतिहास वाचला. १८०५च्या जुलैत लुईस आणि क्लार्क मिसुरीतून वर जाताना या नदीच्या मुखाशी आले आणि त्यांनी नौदलमंत्री रॉबर्ट स्मिथचं नाव तिला दिलं. स्मिथने ही नदी कधी पाहिली नाही. घळीतल्या कड्यांवर त्याच्याही कितीतरी आधीच्या माणसांनी लाल रंगात काढलेली चित्रं आहेत, ती बघायची, हात लावायचा नाही. आणि कॅम्प बेकरशी येऊन मिळणाऱ्या शीप क्रीकच्या वरच्या अंगाला तांब्याच्या खाणीचा बेत आहे. राज्याने २०२०मध्ये परवाना दिला, तेव्हापासून कोर्टकचेरी. दहा हजार लोक लॉटरी लावतात त्या पाण्याच्या उशाशी खाण, हे मला पचत नाही.

६ जून

प्रवाह ६००च्या आसपास, उतरणीला. राफ्ट पक्की, कनूचा बेत खोडला.

रोजची अंतरं ठरवली : १०, १२, ११, १६, १०. मनात आलं तिथे थांबता येत नाही. काठाची बरीचशी जमीन खासगी रॅंचची आहे. १९८५च्या कायद्याने मोंटॅनातली नदी, भरल्या पाण्याच्या खुणेपर्यंत, सगळ्यांची. खुणेच्या वर पाऊल टाकलं की कुणाच्या तरी कुरणात. त्यामुळे मुक्काम फक्त नेमलेल्या कॅम्पवर, आणि कुठल्या रात्री कुठला कॅम्प हे कॅम्प बेकरला नोंदणी करतानाच सांगून टाकायचं.

पहिल्या दिवशी सामान बांधण्यात दुपार होणार म्हणून दहाच मैल. दुसरा आणि तिसरा घळीतले उत्तम दिवस, तिथे मुद्दाम कमी. चौथ्या दिवशी सोळा, हा भुर्दंड. दादाला तो मान्य नव्हता, सगळे दिवस सारखे हवे होते. पण शेवटचा टप्पा घळ संपल्यावर मोकळ्या कुरणांतून वळणं घेत जातो, पाणी संथ आणि समोरून वारा. तिथे दुपारनंतर बारा मैल म्हणजे दोन्ही खांद्यांची वाट. पाचवा दिवस लहान, पहाटे निघायचं, वारा उठायच्या आत ईडन ब्रिज.

९ जून

फ्लायचे डबे. दादाने पंधरा दिवस रात्री बसून बांधल्यात. वरून : चबी चेर्नोबिल, एल्क हेअर कॅडिस, पॅराशूट अ‍ॅडम्स. खालून : रबरी पायांचे काळे-तपकिरी स्टोनफ्लाय निम्फ (पाण्याखालच्या, पंख न फुटलेल्या किड्याची नक्कल), फेझंट टेल, सॅन हुआन वर्म. पाणी गढूळ असेल तर ऑलिव्ह आणि काळे वूली बगर. सगळ्या हुकांचे काटे पकडीने दाबून टाकलेत, मासा पटकन सुटावा म्हणून, आणि माझ्या कास्टिंगकडे पाहता दादाचा कानही पटकन सुटावा म्हणून. सॅमनफ्लायच्या चार नारिंगी फ्लाय त्याने गुपचूप घातल्यात. मी पाहिल्या, काही बोलले नाही.

टिपेट ३एक्स आणि ४एक्स (आकडा वाढला की धागा बारीक). याहून बारीक नको. बारीक धाग्यावर मासा खेळवत बसलं की तो उगाच दमतो.

१३ जून

प्रवाह ४२०. आदर्श.

राहिलेलं सामान : पाण्यात पडलेल्याला दोर फेकण्याच्या पिशव्या दोन, सॅटेलाइट संदेशयंत्र (घळीत फोन नाही), राफ्टचे पॅच आणि पंप, एक जादा वल्हं, लोकरीच्या टोप्या (जून असला तरी रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडू शकते). खालच्या घळीत रॅटलस्नेक आहेत, म्हणून कॅम्पवर चपला नाहीत, बूट. सुती कपडे कुणीच आणायचे नाहीत. भिजलेला कॉटनचा शर्ट दहा अंशांच्या पाण्यानंतर अंगावर ठेवणं म्हणजे आजार मागून घेणं.

१६ जून, कॅम्प बेकर

दुपारी व्हाइट सल्फर स्प्रिंग्जला शेवटची खरेदी : कांदे, लिंबं आणि नवरा विसरला होता ती टोपी. तपासणी नाक्यावरच्या माणसाने वेडर हुंगून पाहिले, खूष झाला.

शीप क्रीक स्मिथला मिळते तिथेच हा तळ. पाण्याला किंचित हिरवट छटा, काठापासून दोन फूट तळ स्पष्ट दिसतो. हेलेनाकर आल्या आल्या गुडघाभर पाण्यात शिरला आणि दगड उलटे करून पाहायला लागला. गोल्डन स्टोनची निम्फ भरपूर. सॅमनफ्लायच्या नुसत्या रिकाम्या कातड्या, झुडपांना चिकटलेल्या. म्हणजे आमच्या आधीच उडून गेले. दादाने एक कातडी उचलून बराच वेळ निरखली.

१७ जून, सकाळ

वहिनीने नोंदणी केली. आमच्या पुढे दोन गट होते, त्यामुळे सनसेट क्लिफ हा हवा असलेला कॅम्प गेला. रेंजर बाईंनी तिथल्या नकाशावर दुसरा सुचवला, दीड मैल आधीचा, काठाला उंच झाडं आणि खाली मोठा डोह असलेला. वहिनीने आमच्याकडे न बघताच हो म्हटलं. तिसऱ्या दिवसाचे दीड मैल चौथ्या दिवसावर गेले, म्हणजे सोळाचे साडेसतरा. दादा कुरकुरला. परवाना कुणाच्या नावावर आहे याची त्याला आठवण करून देण्यात आली.

गाड्यांच्या किल्ल्या शटलवाल्याला दिल्या, गाड्या ईडन ब्रिजला उभ्या मिळतील. पहिल्या राफ्टवर हेलेनाकर वल्ह्यांवर, नाकाशी त्याची बायको, मागे मी. दुसरीवर नवरा वल्ह्यांवर, नाकाशी दादा, मधे वहिनी. डबा दुसऱ्या राफ्टवर. पट्ट्या दोनदा तपासल्या. प्रवाह ३८०, आकाश निरभ्र, वारा नाही. अकरा वाजता सुटतोय.